विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर उजव्या हाताला एक जाडजूड शब्दकोश असतो. तो मुळात वडिलांचा. एखादा शब्द अडला की ते कोश उघडत, अर्थ पाहत आणि त्या शब्दाशेजारी समासात पेन्सिलीने बारीक टिंब देत; तोच शब्द पुन्हा पाहावा लागला, तर दुसरे टिंब. 'आनुषंगिक' या शब्दाशेजारी पाच टिंबे आहेत. म्हणजे या शब्दाने त्यांना आयुष्यात पाच वेळा थांबवले. त्यांनी कधी रोजनिशी लिहिली नाही, पत्रेही मोजकीच लिहिली. त्यांच्या वाचनाची अशी नोंद मला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. कोशाचा कणा उसवला तेव्हा मी तो बांधणीला दिला आणि कडा अजिबात कापू नका असे बजावून सांगितले, कारण नव्या बांधणीत पाने कडेने सारखी करून घेतात आणि त्यात समासाचा काही भाग जातो.

छापील पुस्तकांवर माझे आयुष्यभराचे प्रेम आहे आणि ते लपवून तटस्थतेचा आव आणण्याची गरज मला वाटत नाही. मात्र आम्ही पुस्तकप्रेमी या प्रेमाचे समर्थन ज्या रीतीने करतो, ती रीत मला अलीकडे अपुरी वाटू लागली आहे. नव्या कागदाचा वास, पान उलटतानाचा आवाज, भिंतभर लागलेल्या पुस्तकांचा दिलासा हे सारे मलाही प्रिय आहे; परंतु आवड म्हणजे सार्वजनिक प्रश्नावरची भूमिका नव्हे. ज्याला त्या वासाचे काही वाटत नाही, त्याच्यापुढे आमचा युक्तिवाद पहिल्याच वाक्यात संपतो. आणि प्रश्न तर सार्वजनिकच आहे: ग्रंथालयांनी आपला तुटपुंजा निधी कशावर खर्च करावा, शाळांनी मुलांच्या हाती काय द्यावे, कायद्याने वाचकाचा कोणता हक्क मान्य करावा. या प्रश्नांची उत्तरे ठरवताना छापील पुस्तकाच्या बाजूने एक भक्कम कारण आहे, आणि त्याचा वासाशी किंवा स्पर्शाशी काही संबंध नाही. छापील पुस्तक विकले गेले की ते प्रकाशकाच्या हातून सुटते आणि वाचकाचे होते. ते वाचकाने ठेवावे, विकावे, कोणाला द्यावे, मुलांच्या नावे करावे. कोणाची परवानगी लागत नाही. डिजिटल पुस्तक असे सुटत नाही. तंत्रज्ञानाला ते अशक्य आहे म्हणून नव्हे. विक्रीच्या अटीच तशा लिहिलेल्या आहेत म्हणून. या अटी बदलेपर्यंत छापील पुस्तकांची जागा डिजिटल पुस्तकांनी घ्यावी, हा आग्रह मला वाचकांच्या हिताचा वाटत नाही.

छापील प्रतीवरचा हा हक्क आपोआप मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एका प्रकाशन संस्थेने आपल्या कादंबरीच्या प्रतींत छापून ठेवले होते की ठरावीक किमतीहून कमी भावात ही प्रत कोणी विकू नये, तसे केल्यास तो प्रताधिकाराचा भंग समजला जाईल. एका मोठ्या दुकानाने त्या सूचनेला न जुमानता पुस्तक स्वस्तात विकले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाविरुद्ध निकाल दिला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हुकूम चालत नाही, हे तत्त्व त्या निकालाने अमेरिकी कायद्यात रुजले, आणि कमीअधिक फरकाने ते इतर अनेक देशांच्या कायद्यांतही आहे. मजकुरावरचा हक्क लेखक-प्रकाशकाचा, हातातल्या प्रतीवरचा हक्क ती विकत घेणाऱ्याचा, अशी ही साधी वाटणी आहे. जुन्या पुस्तकांचा बाजार, ग्रंथालयांची देवघेव, मित्राला वाचायला दिलेले आणि कधीच परत न आलेले पुस्तक, वारशाने मिळालेला संग्रह, हे सगळे तिच्यावरच उभे आहे. आपण ती इतकी गृहीत धरली होती की ती हातून निसटू लागली, तेव्हा लक्षात यायलाही वेळ लागला.

अॅमेझॉनचे किंडल हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आले. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच जुलै २००९ मध्ये कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून टाकल्या. ज्याने त्या आवृत्त्या विक्रीला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. वाचकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीने नंतर जाहीर माफीही मागितली. तरीही त्या दिवशी एक गोष्ट उघड झाली. चोरीच्या कागदावर छापलेले पुस्तक जरी एखाद्याने अजाणता विकत घेतले असते, तरी रात्री त्याच्या घरात शिरून ते उचलून नेण्याची आणि टेबलावर पैसे ठेवून जाण्याची मुभा कोणत्याही विक्रेत्याला नव्हती. ती मुभा आता यंत्रातच बसवलेली होती. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तके वाचकांच्या पडद्यावरून नाहीशी झाली. याही वेळी पैसे परत मिळाले. या दोन्ही घटनांत कोणाची आर्थिक फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आपण खरेदी समजत होतो ती खरेदी नव्हती, एवढे त्यांतून निश्चित सिद्ध होते. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये याविषयी कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर 'विकत घ्या' असे शब्द वापरताना विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे तो म्हणतो. शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून देण्यासाठी कायदा करावा लागावा, यावरून हा व्यवहार किती धूसर झाला होता ते दिसते.

युरोपातला एक निकाल मला याहूनही बोलका वाटतो. वापरलेली ई-पुस्तके पुन्हा विकण्याचा उद्योग एका डच कंपनीने सुरू केला होता. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की हक्कधारकाच्या परवानगीवाचून तसे करता येणार नाही. न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक असे, की कागदी प्रत वापराने झिजते, डिजिटल प्रत झिजत नाही. त्यामुळे वापरलेली डिजिटल प्रत नव्या प्रतीची जागा हुबेहूब घेईल आणि हक्कधारकाचे नुकसान जुन्या पुस्तकांच्या बाजारापेक्षा कितीतरी अधिक होईल. हा तर्क चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही. लेखकाच्या उत्पन्नाची काळजी खोटी नाही. परंतु त्यातून निघणारा अर्थ मी अनेक दिवस मनात घोळवत होतो. ज्या जीर्णपणाला आपण छापील पुस्तकाचे न्यून समजत आलो, त्याच जीर्णपणामुळे वाचकाला त्यावर हक्क मिळतो. पान पिवळे पडते, कोपरे झिजतात, शिलाई सैल होते, आणि म्हणून ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्याला कोणाची हरकत राहत नाही. जे कधी झिजत नाही, ते आपल्या हाती पूर्णपणे सोपवलेही जात नाही.

माझ्यावर हा प्रसंग गुदरला तो अगदी क्षुल्लक कारणाने. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीकडून चाळीसेक ई-पुस्तके घेतली होती. त्यातली निम्मी कामाची, संदर्भासाठीची; त्यांवर मी भरपूर टिपणे केली होती. यंत्र बिघडले. नव्या यंत्रावर खाते उघडायला गेलो, तर पडताळणीचा क्रमांक माझ्या जुन्या, केव्हाच बंद झालेल्या मोबाइल नंबरवर जाऊ लागला. मी चार महिने पत्रव्यवहार केला. प्रत्येक वेळी ठरावीक मजकुराचे उत्तर आले आणि शेवटी तेही येईनासे झाले. पुस्तके कुठेतरी आहेत, माझी टिपणेही कुठेतरी आहेत, पण ती माझीच आहेत हे पटवून देण्यासाठी मी कोणाच्या दारात उभे राहायचे ते मला शेवटपर्यंत कळले नाही. त्यातली नऊ पुस्तके मी पुढे छापील स्वरूपात पुन्हा घेतली. टिपणांचे काही करता आले नाही.

एका वाचकाचे असे होते तेव्हा ती वैयक्तिक हळहळ असते. ग्रंथालयाचे असे होते तेव्हा तो समाजाचा प्रश्न होतो, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचे केंद्र तिथेच आहे. ग्रंथालयाने छापील पुस्तक घेतले की ते शिलाई टिकेपर्यंत, किंबहुना पुन्हा बांधून त्याही पुढे, देत राहता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथालय प्रकाशकाने ठरवलेल्या अटींवर परवाना घेते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशन संस्थेने ग्रंथालयांसाठी नियम केला की एक ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपेल आणि तो पुन्हा विकत घ्यावा लागेल. अन्य काही प्रकाशकांनी वर्षांची मुदत घातली. २०१९ मध्ये मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने नव्या पुस्तकाच्या प्रकाशनानंतरचे पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला, मग ती कितीही मोठी असो, एकच ई-प्रत मिळेल असे जाहीर केले. ग्रंथालयांनी तीव्र विरोध केल्यावर मार्च २०२० मध्ये हा निर्बंध मागे घेतला गेला. छापील पुस्तकाच्या बाबतीत असा निर्बंध घालण्याचा विचारही कोणा प्रकाशकाला करता आला नसता, कारण ग्रंथपाल दुकानात जाऊन हव्या तितक्या प्रती घेऊ शकतो. इथे दुकानही प्रकाशकांचेच आणि किल्लीही त्यांचीच.

याचा परिणाम संग्रहाच्या कल्पनेवरच होतो. ग्रंथालय म्हणजे पिढ्यान्पिढ्या साठत गेलेला ठेवा, अशी आपली समजूत आहे. भाड्याच्या परवान्यांवर चालणाऱ्या ग्रंथालयात काहीच साठत नाही. ज्या वर्षी निधी आटतो, त्या वर्षी फडताळही रिकामे होते. छापील संग्रह असलेल्या ग्रंथालयाला वाईट वर्षात नवी पुस्तके घेता येत नाहीत, एवढेच होते. आधीची जागच्या जागी असतात. ज्या ग्रंथालयांनी जागेची अडचण सांगून जुने संग्रह रद्दीत काढले आणि त्यांच्या जागी वर्गणीची डिजिटल सेवा घेतली, त्यांनी मालमत्ता विकून घरभाडे भरले, असेच मला वाटते. जागेची अडचण खरी असते, हे मी ग्रंथपाल मित्रांकडून पुष्कळदा ऐकले आहे. तरी ज्या पुस्तकाच्या प्रती इतरत्र सहज मिळतात ते काढणे आणि ज्याची प्रत दुसरीकडे आहे की नाही ते तपासलेच नाही ते काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टिकण्याच्या मुद्द्यावर आम्ही छापील पुस्तकांचे चाहते काही वेळा जास्तच बोलतो. ब्रिटनमधले डूम्सडे बुक आणि त्याचे डिजिटल भावंड यांची कथा नेहमी सांगितली जाते. १०८६ सालच्या त्या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाचे नवे चित्रण लेसर डिस्कवर केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, त्यासाठी मजकूर आणि छायाचित्रे दिली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले, आणि मूळ नोंदवही मात्र जशीच्या तशी वाचता येत होती. कथा खरी आहे, पण ती नोंदवही कातड्यावर हाताने लिहिलेली आहे, छापील नाही. छापील पुस्तकाची स्वतःची लाजिरवाणी बाजू वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकात कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी व राळ घातली जाऊ लागली. त्या प्रक्रियेतली आम्लता कागदाला आतून खात राहिली. त्यामुळे त्या काळापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतची अगणित पुस्तके आज हात लावताच तुटतात, तर त्यांच्याहून शेकडो वर्षे जुनी, चिंध्यांच्या कागदावरची पुस्तके लवचीक आहेत. टिकाऊ कागदाचा आंतरराष्ट्रीय मानदंड, आयएसओ ९७०६, १९९४ मध्ये आला. आजही कित्येक प्रकाशक आपले पुस्तक कोणत्या कागदावर छापले आहे हे कुठेच सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही.

शिवाय कागद जळतो. श्रीलंकेतल्या जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये जाळले गेले, तेव्हा सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि त्यांबरोबर अनेक दुर्मीळ हस्तलिखिते गेली. बोस्नियातल्या साराजेवोचे राष्ट्रीय ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांच्या आगीत भस्मसात झाले. तिथल्या एकमेव प्रतींची डिजिटल छायाचित्रे आधीच जगात दहा ठिकाणी ठेवलेली असती तर, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. पुस्तक टिकते ते कागदाच्या बळावर नव्हे, प्रतींच्या संख्येवर आणि त्या किती वेगवेगळ्या हातांत आहेत त्यावर. गुटेनबर्गने माइन्त्समध्ये १४५५ च्या सुमारास छापून पूर्ण केलेल्या बायबलच्या साधारण १८० प्रती निघाल्या होत्या. आज त्यांपैकी पन्नासच्या आसपास शिल्लक आहेत, अनेक देशांत विखुरलेल्या. कोणी एक जण ठरवून त्या साऱ्या नष्ट करू शकला नसता, कारण त्या साऱ्या कोणा एकाच्या ताब्यात कधीच नव्हत्या. डिजिटल पुस्तकाच्या प्रती तर क्षणात लाखो होऊ शकतात, हे त्याचे केवढे मोठे सामर्थ्य. पण ते सामर्थ्य कुलपात ठेवून, लाखो वाचकांना एकाच सर्व्हरवरच्या एकाच फाइलकडे बोट दाखवणारे परवाने द्यायचे, अशी व्यवस्था आपण उभारली आहे. पडद्यावर ते लाख प्रतींसारखे दिसते. प्रत्यक्षात ते दोरीला बांधलेले एकच पुस्तक असते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. ई-पुस्तके म्हणजे वेबपाने नव्हेत, हे मान्य. पण एकाच्या ताब्यातली एकच प्रत किती काळ टिकते, याचा अंदाज त्यावरून येतो.

वाचनाच्या गुणवत्तेबद्दलही बोलले पाहिजे, कारण शाळांचा प्रश्न तिथे येतो. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी कागद आणि पडदा यांवरच्या आकलनाची तुलना करणारे २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले, विशेषतः माहितीपर मजकुराच्या बाबतीत आणि वेळेचे बंधन असताना. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष असा, की पडद्यांची सवय वाढत गेलेल्या त्या वर्षांत कागदाची सरशी कमी होण्याऐवजी वाढत गेली. सवय झाली की सगळे सुरळीत होईल, हे आश्वासन त्याने तरी खरे ठरवले नाही. नॉर्वेतल्या आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० वाचकांना एकच कथा दिली, निम्म्यांना किंडलवर आणि निम्म्यांना छापील. बहुतेक बाबतींत दोन्ही गट बरोबरीचे ठरले, पण कथेतल्या घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे सांगताना किंडलवाले मागे पडले. मला हे चटकन पटले. डाव्या हाताखालची पाने वाढत आणि उजव्या हाताखालची कमी होत जातात, तेव्हा आपण कथेत कुठे आहोत हे बोटांना कळत असते. 'ते वाक्य डाव्या पानावर खाली कुठेतरी होते' अशी आठवण आपल्यापैकी अनेकांना असते. स्वीडनने शाळांचे डिजिटलीकरण पुष्कळ पुढे नेल्यानंतर २०२३ मध्ये शाळांसाठी छापील पुस्तके घ्यायला ६८.५ कोटी क्रोनर दिले. या निर्णयाला निव्वळ मागासपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी वरचे अभ्यास एकदा वाचावेत. ज्यांनी अजून तो खर्चिक वळसा घेतलेला नाही, त्यांना तो टाळता येईल.

आता डिजिटल पुस्तकाचे ऋण. ते मोठे आहे आणि ते मान्य केल्यावाचून छापील पुस्तकाची बाजू मांडणे मला अन्यायाचे वाटते. दृष्टिहीन वाचकाला छापील पुस्तक म्हणजे बंद दार असते. ब्रेल प्रती जाडजूड आणि थोड्या, ध्वनिमुद्रित पुस्तकेही मर्यादित. मजकूर डिजिटल झाला की तो बोलू लागतो, मोठा होतो, ब्रेलच्या यंत्रावर उमटतो. २०१३ मध्ये मराकेश इथे झालेल्या आणि २०१६ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा प्रती तयार करण्याला आणि देशोदेशी पाठवण्याला प्रताधिकारातून सूट दिली. गेल्या शतकभरात वाचकांच्या हक्कांसाठी झालेल्या कामांत मी या कराराला फार वरचे स्थान देतो. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गपासून पुढे हक्कमुक्त साहित्य विनामूल्य देणारे जे प्रकल्प झाले, त्यांनी दूरदूरच्या वाचकाला मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाच्या दारात नेऊन उभे केले. मी स्वतः या संग्रहांवर रोज विसंबून असतो. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या प्रकल्पांतल्या फाइली वाचकाच्या होतात. त्या उतरवून घ्याव्यात, दुसऱ्याला द्याव्यात, छापून बांधूनही ठेवाव्यात. कोणी अडवत नाही. म्हणजे डिजिटल पुस्तक वाचकाच्या मालकीचे असू शकते, याचा पुरावा पन्नासहून अधिक वर्षे आपल्यासमोर आहे.

एकांताचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मी छापील पुस्तक वाचतो तेव्हा कोणते पान दोनदा वाचले, कुठे थांबलो, कोणत्या ओळीखाली रेघ मारली हे फक्त मला आणि त्या पुस्तकाला माहीत असते. इंटरनेटला जोडलेल्या वाचनयंत्रावर हे सारे नोंदले जाऊ शकते. ज्या पुस्तकांमुळे माणूस आपली मते बदलतो, ती तो पुष्कळदा कोणाच्या नकळत वाचत असतो.

तेव्हा करायचे काय? माझी पहिली मागणी कायद्याकडे आहे. ज्या ई-पुस्तकाची पूर्ण किंमत घेतली, ते वाचकाने आपल्याकडे ठेवावे, एका वेळी एकाला या मर्यादेत दुसऱ्याला द्यावे आणि वारसाला सोपवावे, एवढा हक्क कायद्याने मान्य करावा. लेखकाचे उत्पन्न सांभाळून हे कसे करायचे याचे तपशील कठीण आहेत, पण अशक्य नाहीत. १९०८ मध्येही प्रकाशकांना तो निकाल आपल्या मुळावर येईल असेच वाटले असणार. दुसरी मागणी ग्रंथालयांना निधी देणाऱ्यांकडे आहे. डिजिटल सेवेची वर्गणी हा चालू खर्च आहे, संग्रहाची खरेदी नव्हे, असे हिशेबातच वेगळे दाखवले गेले पाहिजे, म्हणजे एकीच्या नावाखाली दुसरी बंद करता येणार नाही. तिसरी गोष्ट जतनाची. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३७ मध्ये छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत राजाच्या ग्रंथालयाला द्यावी असा हुकूम काढला, आणि ती प्रथा पुढे देशोदेशींच्या कायद्यांत आली. केवळ ई-स्वरूपात निघणाऱ्या पुस्तकांनाही ती सर्वत्र लागू व्हायला हवी, आणि अशी प्रत कुलूप न लावलेली असायला हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा लाखो छापील ग्रंथ जागेवर सुरक्षित असूनही सूची आणि मागणीची यंत्रणा कित्येक आठवडे बंद पडल्याने वाचकांना ते मिळेनात. त्यामुळे कागद आणि पडदा यांची कुंपणे घालून भांडण्यात अर्थ उरलेला नाही. दोन्हींची राखण एकत्रच करावी लागणार आहे.

त्याच ब्रिटिश लायब्ररीत एक पाच मीटरहून लांब, ठशांनी छापलेली कागदी गुंडाळी आहे. वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाची ही चिनी प्रत, तारीख नोंदलेल्या संपूर्ण मुद्रित पुस्तकांत जगातली सर्वांत जुनी मानली जाते. तिच्यावरचे साल इसवी सन ८६८ शी जुळते. वांग जिए नावाच्या माणसाने ती आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी करवून घेतली, असे तिच्या अखेरीस लिहिले आहे. म्हणजे ज्या पहिल्या छापील पुस्तकाची तारीख आपल्याला सांगता येते, तेही कोणाच्या तरी हातून दुसऱ्याच्या हातात जाण्यासाठीच छापलेले होते.

गेल्या महिन्यात मी माझ्या पुस्तकांची यादी करायला घेतली, कोणते पुस्तक माझ्यामागे कोणाकडे जावे याची. पहिल्या ओळीत शब्दकोश आहे आणि त्यापुढे माझ्या भाचीचे नाव आहे. तिने आताच त्यात दोन शब्दांशेजारी पेन्सिलीने टिंबे दिली आहेत. संदर्भग्रंथ एका ग्रंथालयाला, कविता एका मित्राला, अशी ती यादी आता चार पानांची झाली आहे. ई-पुस्तकांसाठीही मी एक ओळ लिहिली, त्यांची संख्या मांडली. मग अटींचा मजकूर उघडून वाचला आणि नावाची जागा कोरी ठेवली.